व्हाउचर नंबर बासष्ट

जगाच्या ज्ञानात माझी एकच भर आहे आणि तीही चुकून पडलेली. पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांच्या जनुकांची अक्षरं वाचून ठेवण्याचं एक मोठं आंतरराष्ट्रीय काम चालू आहे. त्याच्या नोंदींमध्ये रत्नागिरीच्या एका खेकड्याच्या पानावर एक आकडा आहे. तो माझ्या मूर्खपणामुळे तिथे गेला आणि बेहेरे बाईंमुळे तिथे राहिला. इंग्रजी शिकवण्यात माझी अख्खी नोकरी चालली आहे, दोन कवितासंग्रह निघाले आहेत, पण साऱ्या जगाने जपून ठेवावं असं माझ्या हातून एवढंच घडलं. आता बाई नाहीत. त्या असत्या तर त्यांनी हे दोन वाक्यांत सांगून टाकलं असतं, आणि त्यातलं एक वाक्य माझ्यावर हसण्यात गेलं असतं.

बाई आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुख होत्या. बुटक्या, काटक, केसांचा घट्ट अंबाडा, पायात बारा महिने रबरी चपला. हातात काळी लांब छत्री असायची आणि तिच्या दांड्यावर चाकूने सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या असायच्या. बिळात छत्री खुपसली की खोली कळते, म्हणायच्या. पर्समध्ये लाल नेलपॉलिशची बाटली असायची. नखं मात्र कायम कोरी. स्टाफरूममध्ये यावर बरीच कुजबुज चाले. मी नवीन होतो तेव्हा त्या कुजबुजीत हिरिरीने भाग घेऊन एक रोमँटिक कथाही रचली होती. पुढे कळलं की बाई ते नेलपॉलिश खेकड्यांच्या पाठीला लावतात. ठिपका लावून सोडलेला खेकडा पुढच्या आठवड्यात त्याच बिळात सापडतो का, ते बघायला. माझी कथा तिथेच संपली.

गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, पावसाळ्यात एक लहानसा गोड्या पाण्यातला खेकडा दिसतो. गडद जांभळं अंग, डेंग्यांची, म्हणजे नांग्यांची, टोकं शेंदरी. आमच्याकडे खेकड्याला कुर्ली म्हणतात आणि नर असला तरी तो 'ती'च राहतो. बाईंनी उमेदीची सगळी वर्षं या कुर्लीवर घालवली. त्यांच्या मते ही जात त्या एका सड्याशिवाय कुठेच नव्हती. गावात त्यांना 'कुर्लीबाई' म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. "मांजरबाई म्हणण्यापेक्षा बरं," म्हणायच्या.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणीही काहीही ठासून सांगितलं, अगदी प्राचार्यांनी जरी, की बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "बघितलंत? मग बोला." विद्यार्थी या वाक्याला टरकून असत. मीही टरकून असे, कारण माझा विषयच न बघितलेल्या गोष्टींवर बोलण्याचा. मी वर्गात ज्या डॅफोडिल्सबद्दल तास तास बोलतो, ती मी आजवर बघितलेली नाहीत. बाईंनी एकदा मला हे सर्वांसमोर विचारलं होतं.

आमची खरी ओळख झाली ती डब्यामुळे. बाईंकडे दोन सारखे स्टीलचे डबे असत, एकात पोळीभाजी आणि दुसऱ्यात जे सापडेल ते. एका दुपारी मी लोणचं मागितलं. "घ्या की," म्हणत त्या पेपर तपासत राहिल्या. मी चुकीचा डबा उघडला. आत ओल्या पाल्यावर बसलेल्या कुर्लीने माझ्याकडे बघून दोन्ही डेंगे वर केले आणि मी खुर्चीसकट मागे गेलो. बाईंनी शांतपणे झाकण लावलं.

"अहो मयेकर, पूर्णगडचे ना तुम्ही? लहानपणापासून खाताय की हिला."

"बाई, ताटात ती शांत असते," मी जमिनीवरून म्हणालो.

बाई स्वतः शाकाहारी. पण खाणाऱ्यांवर त्यांचा राग नव्हता. उलट मी रविवारी काय खाल्लं ते सोमवारी बारकाईने विचारायच्या. नर होती की मादी, कवच कडक होतं की मऊ, कुठल्या ओढ्यावरची. मी चवीबद्दल सांगू लागलो की हात हलवून थांबवायच्या. त्यांच्या दृष्टीने मी एक बेशिस्त पण नियमित निरीक्षक होतो.

त्यांच्या निवृत्तीचं वर्ष होतं, तेव्हा त्यांना त्या आंतरराष्ट्रीय कामाबद्दल कळलं. जगभरातल्या संस्था आपापल्या भागातले जीव वाटून घेत होत्या. बाईंनी ठरवलं, आपलं कॉलेज यात सामील होणार आणि आपली कुर्ली देणार. इंग्रजी पत्रव्यवहारासाठी मला नेमलं. मी म्हणालो, "बाई, मला जीनोम म्हणजे काय तेही माहीत नाही."

"प्रत्येक जिवाच्या आत त्याची सगळी पाककृती लिहिलेली असते. कसं घडायचं, कसं वाढायचं. ती अक्षर न अक्षर वाचून काढायची."

पाककृती म्हटल्यावर माझं लक्ष लागलं. बाईंना हे माहीत असणार.

पहिली ऑनलाइन बैठक स्टाफरूममध्ये माझ्या लॅपटॉपवर झाली. पलीकडे इंग्रिड नावाच्या बाई होत्या. त्या आमच्यासारख्या लहान संस्थांचं काम बघत. गोऱ्या, सौम्य, मागे खिडकीत बर्फ. त्यांनी विचारलं, या प्राण्याची स्थानिक परिस्थिती कशी आहे? बाईंनी सरळ उत्तर दिलं, "पीपल आर ईटिंग." मला ते फार उघडंनागडं वाटलं. मी घसा खाकरून, या प्राण्याला स्थानिक पाकपरंपरेत मानाचं स्थान आहे, अशा अर्थाचं एक लांबलचक वाक्य टाकलं. इंग्रिडबाईंनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, म्हणजे त्याला संरक्षण आहे का? बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की पुढच्या बैठकीत मी फक्त आवाज चालू-बंद करण्याचं काम केलं.

परवानग्यांना वेळ लागला. नमुना देशाबाहेर जाणार नव्हता. तो पुण्याच्या प्रयोगशाळेत वाचला जाणार आणि फक्त वाचलेली अक्षरं जगात जाणार, असं ठरलं. मे अखेर बाई निवृत्त झाल्या, त्यांना नारळ आणि शाल मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला प्रयोगशाळेत हजर. प्राचार्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही काल रिटायर झालात ना?" बाई म्हणाल्या, "मी झाले. कुर्ली अजून बाहेर यायची आहे."

पण खरी अडचण वेगळीच होती आणि ती बाईंनी मला सड्यावर जाताना सांगितली. सड्याच्या एका कडेने चिऱ्याची खाण आत सरकत होती. त्या वर्षी बाईंना सगळ्या सड्यावर मोजून चार कुर्ल्या दिसल्या. नमुना द्यायचा म्हणजे जिवंत कुर्ली गोठवायची, आणि उरलेलं अंग ओळखीसाठी संग्रहालयात ठेवायचं. "तीस वर्षं मी हिला मारलेलं नाही," बाई म्हणाल्या. "आता हिचं नाव जगात जावं म्हणून हिलाच मारू? आणि नाही मारली तर खाण इथवर येईल आणि कुणाला कळणारही नाही की ती होती." मी छत्री धरली.

गोठवायला द्रव नायट्रोजन लागतो. तो रत्नागिरीत कुठे मिळणार, या चिंतेत मी असताना बाई थेट गुरांच्या दवाखान्यात गेल्या. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी तिथे त्याचे मोठे डबे असतात. डॉक्टर भला माणूस. डब्याचं झाकण उघडत त्यांनी सवयीने विचारलं, "कुठली पाहिजे? गीर की जर्सी?"

"कुर्ली," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीचा प्राध्यापक आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्याने काही स्पष्ट झालं असेल असं वाटत नाही. पण ते डब्यासकट आमच्याबरोबर आले.

सड्यावर बाईंनी एका दगडाखालून कुर्ली काढली. ओळख पक्की व्हायला नर लागतो, तो नर होता. मागच्या एका पायाला धरून त्या तिच्याकडे बघत राहिल्या. डॉक्टरांनी डबा उघडला, पांढरी वाफ खाली उतरू लागली. बाई बघतच होत्या. मी म्हणालो, "बाई..." आणि तेवढ्यात कुर्लीने अंगाला एक झटका दिला, पाय बाईंच्या हातात ठेवला आणि बदकन खाली पडून दगडाकडे पळाली.

संकटात सापडली की कुर्ली पाय सोडून जाते आणि तो पुन्हा उगवतो, हे मला खाण्याच्या अनुभवावरून माहीत होतं. पण बाईंचा चेहरा असा उजळला की जणू त्यांनाही ते आजच कळलं होतं. "दिला! तिनेच दिला!" त्या ओरडल्या. पाय नळीत गेला, नळी वाफेत गेली. मग बाईंनी पळून जाणाऱ्या कुर्लीला अलगद पकडलं, पाठीवर लाल ठिपका लावला आणि तिच्या बिळात सोडलं. उतरताना डॉक्टर म्हणाले, "इतकी वर्षं रेतनाचं काम केलं, पण असा पेशंट नाही बघितला."

त्या पायातून अक्षरं छान वाचता आली, असं पुण्याहून कळलं. बाई म्हणाल्या, "मयेकर, आता ते उरलेलं अंग मागतील. पत्र आलं की लगेच मला सांगा. मग बघू."

मी सावध राहिलो. रोज इंग्रिडबाईंची पत्रं डोळ्यांत तेल घालून वाचत होतो आणि त्यात 'बॉडी' हा शब्द शोधत होतो. एक दिवस पत्र आलं, आपण अजून व्हाउचर पाठवलेलं नाही, कृपया लवकर पाठवावं. हे तर सोपं होतं. यासाठी बाईंना कशाला त्रास, म्हणून मी ऑफिसात हेडक्लार्क गुरवांकडे गेलो.

गुरव म्हणजे कॉलेजच्या ऑफिसातला देवमाणूस. व्हाउचर हा शब्द ऐकला की त्यांची छाती फुलते. "परदेशी लोकान्ला पण व्हाउचर लागतो ना शेवटी?" त्यांनी समाधानाने विचारलं. "बगा, मी सांगत व्हतो. व्हाउचरबिगर जगात काय व्हत नाय." त्यांनी डब्याची वाहतूक, रिक्षा, बर्फ असं सगळं व्यवस्थित मांडलं, रेव्हेन्यूचं तिकीट लावलं, प्राचार्यांची सही घेतली, कॉलेजचा गोल शिक्का मारला आणि वर लाल शाईने नंबर घातला, बासष्ट. मी त्याची प्रत अत्यंत अदबीच्या इंग्रजी पत्रासोबत पाठवून दिली. वाक्यरचनेबद्दल मी स्वतःवर खूश होतो.

उत्तर आलं. इंग्रिडबाईंनी लिहिलं होतं, तुमच्या कागदावरचा शिक्का फार सुंदर आहे. पण आम्हाला खेकडा हवा होता.

त्या शास्त्रात, ओळख पटवण्यासाठी संग्रहालयात जपून ठेवलेल्या प्राण्याच्या अंगालाच व्हाउचर म्हणतात. हे इंग्रजीच्या विभागात कुणालाही माहीत नव्हतं. विभागात मी एकटाच आहे.

पत्र घेऊन मी बाईंकडे गेलो. बाईंनी ते वाचलं, चष्मा काढला, पदराने डोळे पुसले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. हसता हसता त्यांना खोकला लागला, मी पाणी आणलं, ते पिताना पुन्हा हसू फुटलं. "मयेकर," त्या कशाबशा म्हणाल्या, "साऱ्या जगाने हत्ती दिले, देवमासे दिले. आपण रिक्षाचं भाडं दिलं!"

मग मात्र त्यांनी चष्मा लावला आणि पत्र पुन्हा वाचलं. अंग दिल्याशिवाय नोंद पक्की होणार नव्हती. पायाला मालक दाखवायला हवा होता.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा सड्यावर गेलो. बाईंच्या पिशवीत स्पिरिटची रुंद तोंडाची बाटली होती. दगड उचलला, तर लाल ठिपकेवाली कुर्ली तिथेच होती. गेलेल्या पायाच्या जागी एक छोटा कोंब आला होता. बाई कुर्ली हातात घेऊन म्हणाल्या, "मयेकर, तुमच्या हाताला सवय आहे. तुम्ही टाका."

सवय होती हे खरंच. आईच्या हाताखाली मी टोपलीभर कुर्ल्यांचे डेंगे मोडलेत, आणि त्या वेळी माझ्या डोक्यात वाटणाखेरीज दुसरा विचार नसायचा. मी मोठ्या ऐटीत बाटलीचं झाकण काढलं, कुर्ली पाठीमागून बरोबर पकडली. आणि हात पुढे जाईना. तो तांबडा ठिपका, तो कोंब. मी म्हणालो, "बाई, मला नाही जमणार हो."

बाईंनी मला हसायला हवं होतं, त्या हसल्या नाहीत. त्यांनी कुर्ली माझ्याकडून घेतली. मग तिला डोळ्यांजवळ नेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या. कवचाचा रंग मळकट झाला होता आणि कडेला एक बारीक रेघ दिसत होती. "थांबा," त्या म्हणाल्या. "ही कात टाकणार आहे. हिचं अंग हीच उतरवून देणार आहे मला." आणि स्पिरिटची बाटली तशीच पिशवीत गेली.

कुर्ली बाईंच्या मागच्या पडवीत, पाला आणि दगड घातलेल्या टबात राहायला आली. बाई सांगत, कात टाकली की ती स्वतःच ती खाऊन टाकते, म्हणून सतत लक्ष हवं. म्हणून मग पाळ्या लागल्या. सकाळी बाई, दुपारी मी. मी टबाशेजारी स्टूलवर बसून पेपर तपासत असे. गुरवही एकदोनदा येऊन बघून गेले आणि "व्हाउचर कवा व्हतो?" असं विचारून गेले.

आणि ते घडलं नेमकं माझ्या पाळीत. मी एका विद्यार्थ्याच्या स्पेलिंगवर संतापत होतो. वर बघितलं तर टबात दोन कुर्ल्या. मी घाबरून ओरडलो, "बाई! एकीच्या दोन झाल्या!"

बाई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आल्या. त्यांनी एकीला चिमट्याने अलगद उचललं. ती पोकळ होती. डेंगे, पाय, पोट, डोळ्यांचे देठसुद्धा, सगळं जसंच्या तसं, पाठीवर तांबडा ठिपका आणि एक पाय इवलासा. शेजारी मऊ, ओलसर, बिनठिपक्याची कुर्ली दमून बसली होती. त्यांनी ते कवच तळहातावर धरलं आणि माझ्यापुढे केलं.

इंग्रिडबाईंच्या समितीपुढे बाईंनी स्वतः बाजू मांडली, स्वतःच्या इंग्रजीत. दिस इज हर बॉडी. शी इज युजिंग अनदर वन नाऊ. मी मध्ये पडलो नाही. सुधारावं असं त्यात काहीच नव्हतं. अवयव तपासले गेले, ओळख पटली, कवच पुण्याच्या संग्रहालयात गेलं. शेवटी इंग्रिडबाईंनी विचारलं, तुमच्या बाजूने याला काही क्रमांक द्यायचा आहे का? बाईंनी माझ्याकडे तिरकं बघितलं.

"आहे की. मागेच पाठवलाय. सिक्स्टी टू."

नोंदीत आता कुर्लीचं नाव आहे, गावाच्या जागी रत्नागिरी आहे, गोळा करणाऱ्याच्या जागी बाईंचं नाव आहे, आणि त्याखाली व्हाउचर नंबर बासष्ट. गुरव ते पान मोबाइलवर उघडून पगाराच्या रांगेतल्या लोकांना दाखवतात. "माजा व्हाउचर जगात गेला," म्हणतात. त्याच वर्षी थंडीत बाई मुलाकडे नाशिकला गेल्या आणि साध्या तापाचं निमित्त होऊन तिथेच वारल्या. फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. मी पुस्तक मिटलं. पोरं पहिल्यांदाच माझ्या तासाला शांत बसली होती.

सड्यावर बाईंना मी शेवटचं बघितलं ते त्याच पावसाळ्याच्या शेवटी. कुर्लीचं नवं कवच कडक झालं होतं आणि आम्ही तिला घरी सोडायला गेलो होतो. पाऊस सरत आला होता, गवत पिवळं पडत होतं, खाणीकडून चिरे कापण्याच्या यंत्राचा आवाज येत होता. बाई म्हणाल्या, "तुम्ही सोडा. तुमच्या पाळीत जन्मली आहे." मी कौतुकाने डबा उघडला, हात घातला आणि तिने माझी तर्जनी पकडली.

मी किंचाळलो. हात झटकणार तेवढ्यात बाई छत्री उगारून ओरडल्या, "झटकू नका! डेंगा सोडेल ती!"

मी हात झटकला नाही. बोट पुढे करून, डोळ्यांतून पाणी येत, मी सड्याच्या मधोमध उभा राहिलो. नव्या कवचाची, नव्या पायाची कुर्ली बोटाला लोंबत होती. बाई बिळाच्या तोंडाशी उकिडव्या बसल्या होत्या आणि छत्रीच्या दांड्यावर कपाळ टेकून गदगदून हसत होत्या.

"दुखतंय हो बाई."

"दुखणारच. उभे राहा तसेच. सोडेल ती तिच्या मनाने."

बराच वेळ गेला. मग तिने एकदाची पकड सैल केली, दगडावर उतरली आणि सगळे पाय घेऊन बिळात गेली. बाईंनी डोळे पुसत वर बघितलं.

"बघितलंत?"

"बघितलं," मी बोट चोखत म्हणालो.

"मग आता बोला," बाई म्हणाल्या, आणि उठण्यासाठी त्यांनी माझ्यापुढे हात केला.